खालच्या टाकीचा कैवार

मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यांत हल्लीं एक नवी हौस शिरली आहे. गोड्या पाण्यांतल्या सोनेरी माशांनीं समाधान होईनासें झालें असून, खाऱ्या पाण्याची कांचपेटी आणि तींत समुद्रांतले रंगीबेरंगी मासे हवेसे वाटूं लागले आहेत. या हौसेला आमचा विरोध नाहीं. आमचा वाद आहे तो तिच्याभोंवतीं जमलेल्या दोन मतांशीं. एक मत असें कीं, ही पेटी सर्व सरंजामासह तयारच विकत घ्यावी. घरीं जोडाजोड करणें हें कंजूषपणाचें व अडाणीपणाचें लक्षण होय. दुसरें मत असें कीं, समुद्रापासून दूर राहणाऱ्यानें या भानगडींत पडूंच नये. आमच्या मतें पहिलें साफ चुकीचें आहे आणि दुसरें अर्धेंच बरोबर आहे.

उदाहरणादाखल नंदुरबार जिल्ह्यांतील चिंचपाडा घेऊं. नवापूर तालुक्यांतलें हें गांव सुरत-भुसावळ लोहमार्गावर असलें, तरी समुद्र तेथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. 1951 सालीं मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तें मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या समोर. चिंचपाड्यास समुद्र घरींच कालवावा लागेल: शंभर लिटर शुद्ध पाण्यास सुमारें साडेतीन किलो क्षार, आणि तेहि स्वयंपाकांतलें मीठ नव्हे, तर मत्स्यालयासाठीं मुद्दाम तयार केलेलें मिश्रण. त्यांतच खानदेशचा उन्हाळा, आणि खेड्यापाड्यांत वीज जाणें ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. अशा ठिकाणीं ज्याला ही हौस करावयाची आहे, त्यानें दर्शनी पेटीचा विचार मागाहून करावा. आधीं तिच्याखालीं लपणाऱ्या दुसऱ्या टाकीचा करावा. इंग्रजींत हिलाच ‘सम्प’ म्हणतात.

ही खालची टाकी म्हणजे आजकालचा चोचला नव्हे. 1871 सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें विल्यम अल्फर्ड लॉइड यानें मत्स्यालय चालू केलें, तेव्हां समुद्र तेथूनहि दूरच होता. त्यानें प्रेक्षकांसाठीं मांडलेल्या टाक्यांहून कितीतरी मोठा हौद खालीं अंधारांत बांधला, आणि पंपानें पाणी अहोरात्र खालीं-वर फिरतें ठेवलें. पाहणाऱ्यांस दिसे तें थोडें; त्याला जिवंत ठेवी तें पुष्कळ, आणि तें दृष्टीआड.

याचें कारण सोपें आहे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, आणि बंद पेटींत तें त्याला विषच होय. दगडांवर व वाळूंत वाढणारे सूक्ष्म जंतु या अमोनियाचें प्रथम नायट्राइट व मग पुष्कळ कमी घातक असें नायट्रेट करतात. या जंतूंना बसावयास जागा पाहिजे आणि वाहतें, प्राणवायुयुक्त पाणी पाहिजे. खालची टाकी हें सर्व पुरविते. कांचेच्या पट्ट्यांनीं तिचे तीन कप्पे करावे. पहिल्यांत वरून येणारें पाणी कापडी पिशवींतून गाळलें जाऊन, बारीक बुडबुड्यांच्या यंत्रानें त्यांतली घाण फेंसावाटे निघते, दुसऱ्यांत समुद्री शेवाळ नायट्रेट शोषून घेतें, तिसऱ्यांत पंप. मधल्या पट्ट्या खालींवर अशा बसवाव्या कीं, वाटेंतच बुडबुडे वर येऊन फुटतील. वाफ होऊन पाणी जातें, पण क्षार मागें राहतात. म्हणून शेवटच्या कप्प्यावर रेघ मारून तेथपर्यंत रोज साधें शुद्ध पाणी घालावें. उन्हाळ्यांत याच टाकीवर पंखा सोडला म्हणजे, माठाचें पाणी गार होतें त्याच न्यायानें, कांहीं अंश उष्णता उतरते.

आतां पहिल्या मताची परीक्षा करूं. समजा, वरची पेटी 90 सेंटिमीटर लांब व 45 सेंटिमीटर रुंद आहे. वीज गेली, पंप थांबला. पाणी वरून ओघळतच राहिलें आणि पातळी 4 सेंटिमीटर उतरली. म्हणजे 16 लिटरांहून अधिक पाणी खालीं आलें. तेवढी रिकामी जागा खालीं नसेल, तर तें दिवाणखान्यांत येणार. परतीच्या नळीचें तोंड पाण्यांत खोल असेल, तर वक्रनलिकेच्या न्यायानें याहूनहि अधिक येईल. म्हणून त्या नळीला पाण्याच्या पातळीच्या किंचित् खालीं एक छिद्र पाडावें, म्हणजे त्यांतून हवा शिरून ओघ तुटतो. हा हिशेब कोण करतो? जो पट्टी घेऊन स्वतः मोजतो आणि स्वतः चिकटवितो, तो. तयार सामान घेणाऱ्याला हा हिशेब असतो हेंच ठाऊक नसतें. तो त्याला प्रथम कळतो तो मध्यरात्रीं, ओल्या सतरंजीवर पाय पडल्यावर. घरीं करण्यांत चार रुपये वांचतात हा गौण लाभ. खरा लाभ हा कीं, करणाऱ्याला आपली टाकी कळते.

घरची जोडणी गळेल, असें कोणी म्हणतील. निष्काळजीपणानें केलेली अवश्य गळेल. म्हणून बुरशीनाशक औषध नसलेलेंच सिलिकोन वापरावें, तें पुरतें वाळूं द्यावें, आणि टाकी अंगणांत पाण्यानें भरून कांहीं दिवस पाहावी. पितळी तोटी मात्र कोठेंहि नको. तांब्याचा अंश कोळंबीसारख्या जीवांना मारक ठरतो. शेतीच्या दुकानांतली साधी प्लास्टिकची नळी येथें अधिक लायक. पंप व विजेचें सामान मात्र चांगलें पाहून विकतच घ्यावें. स्वावलंबन म्हणजे हट्ट नव्हे.

दुसऱ्या मताचें अर्धें खरें आम्हांस मान्य आहे. समुद्रांतला जीव उचलून डोंगराळ मुलखांत आणणें ही जबाबदारी आहे, आणि ती न पेलणाऱ्यानें ती घेऊं नये. प्रवाळ व समुद्री घोडे यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं संरक्षण आहे. शोभेसाठीं ते बाळगण्याचा विचारहि मनांत आणूं नये. पण विदूषक माशाची पैदास टाक्यांत करण्याची रीत आपल्याच केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनें सिद्ध केलेली आहे. अशा पैदाशींतलेच मासे घ्यावे. एवढें पाळून चिंचपाड्याच्या मुलाला समुद्राचा एक घोट घरीं दाखविला, तर त्यांत पाप कोणतें? समुद्र ही काय किनाऱ्यावरच्यांचीच मिरास आहे?

आमची अट एकच. आधीं खालची टाकी करा, पाणी फिरवा, आणि मासे न घालतां चार-सहा आठवडे जंतूंची वाढ होऊं द्या. पाण्यांत अमोनिया व नायट्राइट उरत नाहींत असें परीक्षेनें ठरेपर्यंत धीर धरा. ज्याला एवढी रिकामी पेटी पाहवत नाहीं, त्याला मासे पाळावयाचे नसून मिरवावयाचे आहेत. त्यानें भिंतीवर समुद्राचें चित्र लावावें.