उत्साह नसतानाची शेती

शेतीच्या कामात उत्साहाचे स्थान मोठे आहे, यात संशय नाही. परंतु उत्साह हा पावसासारखाच लहरी असतो. येतो तेव्हा भरभरून येतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी दडी मारतो. पावसाच्या भरवशावर न राहता जाणता शेतकरी विहीर, ताल आणि शेततळे यांची तजवीज आधीच करून ठेवतो. मनाने दडी मारली तर काम कसे चालावयाचे, याची तजवीज मात्र फार थोडे शेतकरी करतात. ही तजवीज म्हणजे अंगी बाणलेली सवय व लिहून ठेवलेले नियोजन होय.

पिंपरी, चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि पुढे कारखान्यांची रांग भोसरी ओलांडून चाकणपर्यंत पोहोचली. आज खेड व मावळ तालुक्यांतील कितीतरी घरांत एक भाऊ कारखान्यात पाळीवर जातो आणि त्याच घरची शेतीही चालू असते. रात्रपाळी करून आलेल्या माणसास सकाळी खुरपे हाती घेण्याची इच्छा न होणे स्वाभाविक आहे. त्यात मागील हंगामी भाव पडलेला असावा आणि शेजारच्याने जमीन विकून बंगला बांधलेला असावा, म्हणजे 'कशासाठी एवढा खटाटोप?' हा प्रश्न मनात उभा राहतोच. या मनःस्थितीस आळस म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि पिकाला तिची दखल घेता येत नाही, हेही तितकेच खरे.

चाकणच्या बाजारपेठेचे नाव ज्या कांद्यामुळे झाले, त्याचेच उदाहरण घ्यावे. लावणीनंतरच्या पहिल्या दीड महिन्यात तण राहिले तर कांदा पोसत नाही. नत्राचा हप्ता राहून गेला म्हणून तो ६० दिवसांनंतर दिला, तर माना जाड होतात आणि कांद्याचा टिकाऊपणा घटतो. काढणीपूर्वी दोन ते तीन आठवडे पाणी तोडावे लागते. निम्म्या माना पडल्या की काढणी, मग पातीसह तीन-चार दिवस शेतात सुकवण, सुमारे एक इंच मान ठेवून पात कापणे आणि त्यानंतर दहा-बारा दिवस सावलीतील सुकवण. यातील एकही काम अवघड नाही, परंतु प्रत्येकाची वेळ ठरलेली आहे. ती वेळ चुकली की पुढे कितीही उत्साह आला तरी भरपाई होत नाही.

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. जो माणूस शेतात मन लागत नाही असे म्हणतो, तोच कारखान्यात वेळेवर हजर असतो. तेथे वेळ ठरलेली असते, काम नेमून दिलेले असते आणि आधीच्या पाळीचा माणूस वाट पाहत असतो. म्हणून मनाचा कौल घेण्याचा प्रसंगच येत नाही. जुन्या शेतीतही या तिन्ही गोष्टी होत्या. नक्षत्रे वेळ सांगत, वडीलधारी माणसे काम नेमून देत आणि सावडीच्या दिवशी शेजारी बांधावर येऊन उभे राहत. आज सावड मोडली आणि घरातील माणसे वेगवेगळ्या पाळ्यांत विभागली गेली. तेव्हा ही व्यवस्था नव्या रीतीने बसविली पाहिजे.

त्यासाठी तीन वेळापत्रके एकाच कागदावर मांडावीत. पहिले कारखान्यातील पाळीचे, दुसरे शेतीपंपाच्या विजेचे आणि तिसरे पिकाच्या कामांचे. पाळी बदलते, वीजही पुष्कळ ठिकाणी आलटून पालटून कधी दिवसा तर कधी रात्री मिळते. या दोहोंचा मेळ आदल्या आठवड्यात घातला नाही, तर पाण्याची पाळी आणि नोकरीची पाळी एकाच रात्री येते व दोन्हीकडे ओढाताण होते. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांना गुरुवारी सुटी असते. लावणी, खुरपणी यांसारखी अधिक हातांची कामे गुरुवारी ठेवून चार-पाच घरांनी पुन्हा सावड धरावी. शेजाऱ्याला शब्द दिला की मन नसले तरी पाय शेताकडे वळतात.

दुसरा नियम कामाच्या मापाचा. 'आज एक एकर खुरपून काढू' असा संकल्प थकलेल्या माणसाला भिववितो आणि मग एकही वाफा होत नाही. त्याऐवजी 'आज चहानंतर दोन वाफे' असे ठरवावे. ज्या दिवशी तेवढेही होणार नाही, त्या दिवशी पाव तास शेतात फेरी मारावी, पाच-दहा रोपांची पात उलगडून फुलकिडे व करपा पाहावा आणि वहीत एक ओळ लिहावी. फेरी चुकली नाही तर रोग-कीड आठवडाभर नजरेआड राहत नाही.

यावर आक्षेप असा येईल की, भावच मिळाला नाही तर या शिस्तीचा उपयोग काय? आक्षेप रास्त आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांदा निर्यातीवर बंदी आली व ती ४ मे २०२४ रोजी उठली. असे चढउतार शेतकऱ्याच्या हाती नसतात आणि सवयीने बाजारभाव वाढत नाही. परंतु १९९८ पासून राजगुरुनगर येथे असलेल्या कांदा व लसूण संशोधन केंद्राचे, म्हणजेच आजच्या संचालनालयाचे, भीमा शक्ती व भीमा किरण हे वाण रब्बीत घेऊन नीट सुकविले आणि हवेशीर चाळीत ठेवले, तर कांदा पाच ते सहा महिने टिकू शकतो. असा कांदा केव्हा विकावा हे शेतकरी ठरवितो. हेळसांड झालेला कांदा मात्र मिळेल त्या भावाने त्याच दिवशी द्यावा लागतो. नियमाने केलेल्या कामाचे फळ म्हणजे हा निर्णयाचा हक्क.

तोच न्याय जमिनीलाही लागू आहे. पीक बदलणे, शेती वाट्याने देणे किंवा जमीन विकणे हे निर्णय घेण्यास कोणाची हरकत नाही. ते वर्षाअखेर वहीतील जमाखर्च समोर ठेवून, घरातील स्त्री-पुरुषांनी मिळून घ्यावेत. रात्रपाळीनंतरच्या थकव्यात घेतलेला निर्णय पुढील पिढीला भोगावा लागतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनीही येथे आपली रीत तपासून पाहावी. खचलेल्या शेतकऱ्यास उत्साहाचे व्याख्यान देऊन काही साधत नाही. त्याच्या ओट्यावर बसून पुढील आठवड्याची तीन कामे व त्यांचे वार लिहून द्यावेत आणि ठरल्या दिवशी पुन्हा जाऊन वही पाहावी. झोप व भूक उडाली आहे, माणूस कोणाशी बोलत नाही, असे आढळल्यास मात्र तो नियोजनाचा प्रश्न नव्हे. अशा वेळी घरच्यांना सावध करून त्यास डॉक्टरांकडे न्यावे. टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक याच कामासाठी आहे.

तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. मन हुशारीत असेल त्याच दिवशी पुढील हंगामाचा कागद तयार करून भिंतीला लावावा. उद्या मन मागे सरले, तर निदान कोणते काम आधी धरावयाचे हे शोधत बसावे लागणार नाही.