एकांताची मुभा

सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या वस्त्यांत खानदेशातून येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा संसार ज्याने जवळून पाहिला असेल, त्याला दांपत्यसुखावरील आपली बहुतेक व्याख्याने अपुरी वाटल्याखेरीज राहणार नाहीत. कारण ती संस्कार, स्वभाव आणि संयम यांचा ऊहापोह करतात, परंतु ज्या एकाच खोलीत सासू, दोन मुले आणि कामाच्या शोधात गावाहून आलेला दीर ओळीने निजतात, तेथे नवराबायकोला एकमेकांशी मनमोकळे बोलण्याची तरी मुभा केव्हा मिळते, याची चौकशी मात्र करीत नाहीत. यंत्रमागाची पाळी बारा तासांची. रातपाळी करून तो सकाळी परततो तेव्हा कानांत मागांचा खडखडाट आणि केसांत धाग्यांची कुसळे असतात. ती तेव्हा पाणी भरून, डबे करून, व्यापाऱ्याकडून आणलेल्या साड्यांना टिकल्या चिकटवीत बसलेली असते. मुले शाळेत गेल्यावर घर रिकामे होते खरे, पण तो एकांत एकाच्या झोपेत आणि दुसरीच्या मजुरीत खर्ची पडतो.

मग त्याची तक्रार, की ही पूर्वीसारखी राहिली नाही. आणि तिची, की ह्यांना माझी आठवण अंधार पडल्यावरच होते. माझ्या मते दोघेही खरे बोलतात. पुरुष तृप्तीचा हिशेब बहुधा त्या घटकेपुरता मांडतो, स्त्रीचा हिशेब सकाळी तो चहा मागताना कोणत्या स्वरात बोलला तेथपासून सुरू होतो. आणि वीस-वीस वर्षे एका छपराखाली काढूनही हे परस्परांना सांगण्याची आपल्याकडे रीत नाही. त्यातून तिने स्वतःच्या इच्छेविषयी ब्र काढला, तर तिच्या शीलाचीच झडती सुरू व्हायची!

स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे आणि गर्भधारणेची धास्ती मनात असेतोवर तो हक्क कागदावरच राहतो, हे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून निर्भीडपणे मांडले. त्यातील वाचकांच्या शंकांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, आणि तरीही दंड व्हायचा तो झालाच. आज संततिनियमनाला सरकारदरबारी मान्यता आहे; पण २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्क्यांची नसबंदी झालेली आहे, तर नवऱ्याची नसबंदी झालेल्यांचे प्रमाण जेमतेम ०.३ टक्के आहे. म्हणजे धास्ती दोघांची असली, तरी टाके तिच्याच पोटावर!

यावर कोणी म्हणेल, की पोटाची भ्रांत असलेल्यांना ह्या चैनीच्या गोष्टी कशाला? परंतु हेच पोट भरण्यासाठी त्यांनी गाव सोडले, झोप सोडली, आणि शहराने त्यांच्या श्रमावर कापडबाजार उभा केला. तेव्हा मजुरांसाठी घरे बांधताना आतल्या खोलीला भिंत आणि दाराला कडी असावी, रातपाळीनंतरची सुटी पुरती मिळावी, आणि आरोग्यकेंद्रात शस्त्रक्रियेच्या सल्ल्यासाठी बाईबरोबर तिच्या नवऱ्यालाही बोलावून घ्यावे, ही मागणी नगररचनेची आणि मजूर खात्याची आहे. ती शयनगृहाची खासगी बाब म्हणून दप्तरी दाखल करून चालणार नाही.