कुलूप बाईचं, किल्ली सरकारची

'स्त्रियांची सुरक्षितता' हे शब्द सरकारच्या तोंडी आले, की आपण सावध व्हावं. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या संदेशसेवेला, आदेश आल्यास, संदेश मुळात कोणी पाठवला हे सांगता आलं पाहिजे. ज्या गुन्ह्यांसाठी हे हवं, त्यांत बलात्कारही आहे. पण मूळ पाठवणारा हुडकायचा तर प्रत्येकीच्या निरोपावर खूण ठेवावी लागणार. दोघींचं बोलणं तिसऱ्याला वाचता येऊ नये म्हणून एन्क्रिप्शनचं कुलूप असतं. ते आमच्याच नावावर सैल करायचं!

गुन्हेगार मोकळे सुटावेत असं आम्ही म्हणत नाही. पण धमकीचे निरोप बाईच्या स्वतःच्या फोनवर असतात. ती ते चौकीत दाखवते, तरी तक्रार लिहून घेतली जात नाही. तिथे कुलूप आड येत नाही, अनास्था आड येते.

वकिलाचा सल्ला, गर्भपाताची माहिती, निवारागृहाचा पत्ता हे सारं अनेकींना घरच्यांच्या नजरेआड शोधावं लागतं. व्हीपीएनची खाजगी वाट त्यांच्यासाठी चैन नाही. एप्रिल २०२२मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने आदेश काढला: व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, एवढंच नव्हे तर सेवा कशासाठी घेतली हेही नोंदवावं आणि सेवा सोडल्यावरही निदान ५ वर्षं जपावं. मार खाणाऱ्या बाईने तिथे काय लिहायचं? 'नवऱ्यापासून लपण्यासाठी'? आणि तिचा नवराच पोलिसात असेल तर? कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला मात्र यातून सूट! धंद्याचं ते गुपित, बाईचं ते संशयास्पद.

इंग्रजांनी १८८५च्या तार कायद्यात ठेवलेला संदेश अडवण्याचा अधिकार २०२३च्या दूरसंचार कायद्याने कलम २०मध्ये उचलला. वर संदेश 'समजेल अशा स्वरूपात' उघड करायला लावण्याची भर घातली. आदेश गृहसचिवांचा, तपासणार सचिवांचीच समिती. न्यायाधीश कुठेच नाही. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो काय कागदावर ठेवायला?

मैत्रिणींनो, आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. न्यायालयाच्या परवानगीशिवाय कोणाचंही बोलणं उघडू नये. जिचं बोलणं ऐकलं, तिला नंतर ते कळवावं. व्हीपीएनच्या नोंदींची सक्ती रद्द करावी. आणि आमच्या सुरक्षिततेचे कायदे करताना आधी आम्हाला विचारावं.