समुद्रात हरवलेला माणूस ड्रोन स्वतःहून शोधू शकेल का?

२६ जुलै २०२५ रोजी अलिबागजवळ खांदेरी किल्ल्याच्या परिसरात मासेमारी बोट बुडाली. बोटीवर आठ जण होते. पाच जण तब्बल नऊ तास पोहून सासवणेच्या किनाऱ्याला लागले. तिघे मात्र वाचले नाहीत.

खांदेरी आणि सासवणे यांच्या मधल्या पट्ट्यात किहीम येतं. किनारा इतका जवळ असूनही नऊ तास पाण्यात काढावे लागले. अशा वेळी स्वयंचलित ड्रोन कामी येईल का?

शोध इतका अवघड का असतो?

पाण्यातला माणूस एका जागी राहत नाही. समजा, तो तासाला २ किमी वाहतोय आणि दिशा माहीत नाही. एका तासानंतर त्याला सुमारे १३ चौरस किमीत शोधावं लागेल. तीन तासांनंतर हेच क्षेत्र ११३ चौरस किमी होतं. वेळ तिप्पट, क्षेत्र नऊपट!

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ हा बार्ज भर समुद्रात बुडाला, तेव्हा काही मृतदेह वाहत थेट रायगडच्या किनाऱ्यावर आले होते.

स्वयंचलित ड्रोन वेगळं काय करतो?

साधा ड्रोन माणूस उडवतो आणि स्क्रीनवर नजरही तोच ठेवतो. तासभर नुसत्या लाटा पाहिल्या की डोळे थकतात. स्वयंचलित ड्रोन वारा आणि प्रवाहावरून शोधाचा पट्टा ठरवतो, शेत नांगरावं तसा ओळीने फिरतो आणि संशयास्पद ठिपका दिसला की त्याचं लोकेशन पाठवतो. थर्मल कॅमेरा असेल तर रात्रीही शोध सुरू राहतो.

मग अडचण कुठे आहे?

जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लेनॉक्स हेड इथे ड्रोनने तरंगणारं साधन टाकून दोन मुलांना वाचवलं. पण ती मुलं कुठे आहेत हे माहीत होतं आणि ड्रोन जीवरक्षक चालवत होता.

कोकणात खरी गरज पावसाळ्यात पडते. छोट्या ड्रोनची बॅटरी साधारण अर्धा तास टिकते, त्यात जोराचा वारा आणि पाऊस. गढूळ, फेसाळ पाण्यात माणसाचं डोकं आणि जाळ्याचा बोया यांत फरक करणंही मशीनला शिकवावं लागतं. त्यासाठी इथल्याच समुद्राची, पावसाळ्यातली दृश्यं लागतील.

आधी काय करायला हवं?

ड्रोन शोधतो, पाण्याबाहेर काढायला बोटच लागते. आणि शोध कुठून सुरू करायचा, हे आधी कळायला हवं. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरमधून देशभरातल्या १ लाख मासेमारी बोटींवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली. संकटाचा संदेश लगेच आला, तर ड्रोनला ११३ ऐवजी १३ चौरस किमीच पिंजून काढावे लागतील. अर्धा तासाच्या बॅटरीसाठी हाच फरक निर्णायक आहे.