काटकसर कोणाची, कमतरता कोणाची?

आमच्या वसाहतीतील वाचनकट्ट्यावर काही दिवसांपूर्वी 'कमीत कमी खर्चात जगणे' या विषयावर चर्चा झाली. विषय कालोचित होता. घर हप्त्यांवर, गाडी हप्त्यांवर आणि आता भ्रमणध्वनीही हप्त्यांवर, अशा दिवसांत काटकसरीचे चार शब्द कानावर पडणे चांगलेच. चर्चेच्या ओघात एक सुविद्य सद्गृहस्थ म्हणाले, "आपण वनवासी बांधवांकडून शिकले पाहिजे. त्यांच्या गरजाच मुळी किती थोड्या! पैशावाचून त्यांचे काही अडत नाही." सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी परतल्यावर मात्र ती डोलावलेली मान मलाच सलू लागली. पत्रकारितेच्या निमित्ताने जव्हार-मोखाड्याच्या वाटा मी अनेकदा तुडवल्या आहेत. तेथे मी जे पाहिले, त्याला काटकसर हे नाव देता येईल का, हा प्रश्न त्या सायंकाळपासून पाठ सोडत नाही.

पैशावाचून चालणारे जग

त्या सद्गृहस्थांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. मोखाडा तालुक्यातील दहांपैकी नऊ माणसे वनवासी आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी हे येथील समाज. त्यांच्या परंपरागत जीवनात पैशाला खरोखरच फारसे काम नव्हते. घराचा कूड कारवीचा, त्यावर शेणामातीचा लेप. भिंतीवर गेरूचा हात फिरवायचा आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात बांबूची काडी बुडवून चित्र काढायचे. ज्या वारली चित्रकलेचे आज जगभर कौतुक होते, तिचे सारे साहित्य घरातले आणि रानातले.

शेतात नाचणी, वरई, उडीद, खुरासणी. बियाणे घरचे. भाताच्या आवणीला आज तुझ्या शेतावर, उद्या माझ्या शेतावर, असे एकमेकांच्या हाताला हात लागत. मजुरीचा प्रश्नच येत नसे. पहिल्या पावसानंतर शेवळे, टाकळा, करटोली अशा रानभाज्या. उन्हाळ्यात मोहाची फुले, आणि मोहाच्या बियांचे तेल. लग्न लावायला धवलेरी ही गावातलीच स्त्री. ऐपत नसेल तर जोडपे एकत्र संसार थाटी आणि लग्नाचा खर्च पुढे कधीतरी, सवडीने, करी. आईबापांचे आणि मुलाचे लग्न एकाच मांडवात लागल्याची उदाहरणे या भागात आहेत, आणि त्यात कोणाला उणेपणा वाटत नाही. वर्षभराच्या कष्टांनंतर येणारा बोहाड्याचा उत्सवही असाच. देवदेवतांचे मुखवटे पिढ्यान् पिढ्या जपलेले, सोंगे घराण्यांकडे चालत आलेली. सारा गाव रात्र जागवतो, आणि तिकीट कोणी काढत नाही.

या जगाचे मर्म मात्र आपल्या नजरेतून निसटते. हे लोक कमी पैशात जगत होते, कारण जगण्याला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी सर्वांच्या मालकीच्या होत्या. रान सर्वांचे, झरा सर्वांचा, कष्ट सर्वांचे. माणसाच्या एकट्याच्या संयमावर ही व्यवस्था उभी नव्हती. तिच्या पाठीशी जंगल आणि समाज उभा होता. इंग्रजी अमलात जंगलाला सरकारी कुंपण पडले, पुढे रान विरळ झाले, आणि पूर्वी वेचून आणता येणारी एकेक वस्तू विकत घ्यावी लागू लागली. गरजा होत्या तेवढ्याच राहिल्या. त्या भागवण्याचा मार्ग तेवढा बाजारातून जाऊ लागला.

गरिबाला महाग पडणारा बाजार

आणि बाजारात गरिबाइतके महाग कोणालाच पडत नाही. खोडाळ्याच्या बाजारात एक बाई दहा रुपयांचे तेल पातळ पिशवीत बांधून घेताना मी पाहिली आहे. आपण पाच लिटरचा डबा घेतो आणि लिटरमागे काही रुपये वाचवतो. तिने तेच तेल चढ्या भावाने घेतले, कारण डब्याचे पैसे तिच्याजवळ एकरकमी कधीच नसतात. साठवण करून बचत करण्यासाठीही आधी गाठीला काही असावे लागते. दिवाळीत गरजेपोटी स्वस्तात विकलेला दाणा आषाढ-श्रावणात महागाने विकत घ्यायचा, हे या डोंगरातले जुने दुष्टचक्र. पावसाळ्यातली ती बेगमी म्हणजे खावटी. ती संपली की कर्ज. पूर्वी तर खावटी सरल्यावर रानातले कडू कंद चिरून, पुन्हा पुन्हा उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून खाण्याची वेळ येई. रेशनच्या धान्याने उपासमारीची धार बोथट केली हे मान्य केले पाहिजे. पण औषधपाणी, प्रवास, कपडालत्ता आणि लग्नकार्य यांना रोकड लागतेच.

ही रोकड कोठून येते? लग्नासाठी शे-दोनशे रुपये घेऊन आयुष्यभर सावकाराच्या शेतावर राबायचे, बायकोनेही राबायचे, या प्रथेला ठाणे जिल्ह्यात 'लग्नगडी' म्हणत. तत्कालीन मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३०च्या दशकाच्या अखेरीस तिची नोंद केली आहे. १९७६ साली वेठबिगारी कायद्याने संपली. पण दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची आणि भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबासह सहा-सात महिने ती फेडत राहायचे, ही रीत सरलेली नाही. दिवाळीनंतर कितीतरी पाड्यांवर केवळ म्हातारी माणसे उरतात. मुलांची शाळा सुटते, बाळांचे वजन घटते. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राची मान खाली गेली. त्या मातांना 'तुमच्या गरजा किती थोड्या' असे कोणी म्हणाले असते का?

तेव्हा शब्द जपून वापरावेत. हातात शंभर असताना जो साठांत भागवतो, तो काटकसरी. ज्याच्या हातात चाळीसच आहेत, तो केवळ तगून राहतो. त्याच्या तगण्याला सद्गुण म्हणण्यात आपली सोय तेवढी असते. एकदा त्याला सुखी ठरवले, की आपले कर्तव्य संपते.

आपल्या स्वस्ताईचे मोल

आपण नगरवासी ज्याला काटकसर म्हणतो, तिचे मोल कधी कधी दुसराच कोणी चुकवत असतो. पाण्याचेच पाहा. जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. उताराच्या खडकाळ जमिनीवरून तो वाहून जातो आणि मार्च सरता सरता पाड्यांवर टँकरची वाट पाहणे सुरू होते. याच डोंगरांतून वाहणाऱ्या वैतरणेवर मुंबईसाठी १९५७ साली मोडकसागर, १९७३ साली अप्पर वैतरणा आणि २०१४ साली मध्य वैतरणा हे प्रकल्प उभे राहिले. यांतील मध्य वैतरणेचे धरण मोखाडा तालुक्यातील कोचाळ्याजवळ आहे. त्यातून मुंबईला दिवसाला ४५ कोटी ५० लाख लिटर पाणी मिळते. मुंबईतील घरगुती ग्राहक हजार लिटरला जे शुल्क भरतो, त्यात बाटलीबंद पाण्याची एक बाटलीही येत नाही. वीज वाचवून, कूपने जमवून आपण महिन्याला दोन-चारशे रुपये वाचवतो, आणि गाडी धुण्यासाठी नळी तासभर सोडून ठेवतो. कारण ते पाणी आपल्या हिशेबाच्या वहीत जवळजवळ फुकटच असते. मुंबईला पाणी देऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. पण धरणाच्या तालुक्यातली बाई डोक्यावर हंडा घेऊन डोंगर उतरते, हे ज्या वहीत दिसत नाही, ती वही अपुरी आहे.

टेकडीवरची वही

मग काटकसरीला अर्थच नाही का? आहे, आणि तो पाहायला मोखाड्यापासून फार दूर जावे लागत नाही. आजच्या याच पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळ कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेले बालशिक्षणाचे काम पुढे या टेकडीवर रुजले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने गावच्या बालवाडीला परवडणारी नव्हती. त्यांनी खडे, शिंपले, बिया, पाने, काड्या यांतून साधने घडवली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच अंगणात नेली. मुले गुरे चारायला जातात, तर शाळा कुरणात नेली. येथेही खर्च कमीत कमीच होता. पण त्या बायांपुढे सोयीचे शहरी आयुष्य जगण्याचा पर्याय होता आणि तो त्यांनी सोडला होता. आणि वाचलेला पैसा न पैसा मुलांच्या पदरात पडत होता. आपल्या परंपरेने अपरिग्रह हा शब्द दिला, त्याचा अर्थ हाच असावा. आपण कमी घ्यायचे, ते दुसऱ्याला पुरावे म्हणून.

आपल्या घरातल्या वहीत म्हणूनच एक रकाना वाढवायला हवा. किती वाचवले, हे आपण लिहितोच. वाचलेले कोठे गेले, हेही लिहावे. मुलीच्या लग्नातले दोन पदार्थ कमी केले, तर ते पैसे वसतिगृहातल्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वह्यांना जावेत. नाचणी-वरई आता शहरात आरोग्याचे खाणे म्हणून मिरवते. ती घेताना चार रुपयांसाठी घासाघीस करू नये. पाणी तर पैशात मोजूच नये.

व्यक्तीची जबाबदारी येथे संपते आणि समाजाची सुरू होते. महाराष्ट्राने १९७७ साली देशाला वाट दाखवणारा रोजगार हमीचा कायदा केला. दिवाळीनंतर पाड्यालगतच वेळेवर काम आणि वेळेवर दाम मिळाले, तर मुकादमाची उचल घ्यायला कोण जाईल? २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला रान सांभाळण्याचा आणि त्याच्या उपजेचा हक्क दिला. तो कागदावरून रानात उतरला, तर पैशावाचून मिळणारे पुष्कळसे पुन्हा मिळू लागेल. त्या दिवशी मोखाड्यातले कुटुंब कमी खर्चात जगत असेल, तर ती त्याची निवड असेल, आणि आपण त्याच्याकडून शिकायला जाऊ शकू.

तोवर वाचनकट्ट्यावर पुढल्या वेळी कोणी त्यांच्या थोड्या गरजांचे कौतुक करू लागले, तर मी मान डोलावणार नाही.