केस गळणारं मूल आणि घरची चौकशी

२०२४ संपता संपता आणि २०२५च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. त्यांत मुलंही होती. आधी संशय पाण्यावर गेला, बुरशीवर गेला. आयसीएमआरचं पथक येऊन नमुने घेऊन गेलं. पुढे डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रक्त, लघवी, केस आणि गहू तपासून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. एकेका पेशंटला शॅम्पू बदलायला सांगून हे कधीच उलगडलं नसतं.

आपल्या ओपीडीत असा प्रसंग क्वचितच येईल. रोज येतात ती दोन-चार महिन्यांची बाळं, मागचे केस विरळ झालेली. तिथे आईला धीर द्यावा, तपासण्या लिहू नयेत. रोज येतात ते खवडेही, आणि आपल्या हातून सर्वांत जास्त हेळसांड होते ती यांचीच. पाच-सहा वर्षांचं मूल, डोक्यावर कोंडा धरलेला चट्टा, त्यात तुटक्या केसांचे काळे ठिपके, मानेमागे हाताला लागणारी गाठ. एवढं दिसलं की बुरशी धरूनच चालावं आणि केस खरवडून केओएच करावं. आईच्या पिशवीतून बहुधा स्टेरॉइडमिश्रित मलमाची ट्यूब निघते. ते मलम आधी बंद करावं. बुरशी केसाच्या मुळात असते, वरून लावून ती जात नाही. औषध पोटातूनच द्यावं लागतं. ग्रिसिओफुल्विन सहा ते आठ आठवडे, दुधासोबत. चट्टा सुजून पू आला तरी गळू समजून चिरू नये.

चट्टा गुळगुळीत असेल तर चाई. पुष्कळदा वर्षभरात केस परत येतात. कमी-जास्त लांबीचे तुटके केस दिसले तर मूल स्वतःच केस उपटतंय का, हे आईला एकटीला, हळुवारपणे विचारावं. कपाळालगतचे केस गेले असतील तर वेणी किती घट्ट घालतात ते पाहावं.

आमची एक कळकळीची विनंती आहे. केसपेपरवर घरची चौकशी लिहीत चला: आणखी कुणाला आहे का, कंगवा आणि टोपी सगळ्यांत एकच का, जावळ काढताना वस्तरा कुणाचा होता, गहू कुठला. आणि एकाच वस्तीतली दोन-तीन मुलं आली, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करा.