चेटकीण घरात नको म्हणे!

मंडळी, आज जरा भांडायचंच ठरवून लिहायला बसले आहे. ज्यांच्याशी भांडायचं ते हे वाचतीलच, कारण घरातलेच आहेत. (रागावलात तरी शेवटपर्यंत वाचा, एवढंच म्हणणं.)

झालं असं, की नात्यातल्या एका बारा वर्षांच्या मुलीला मी वाढदिवसाला टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाचं 'विंटरस्मिथ' दिलं. आठ दिवसांत पुस्तक परत! "काकू, चेटकिणींचं आहे हो ते. असलं अभद्र घरात नको वाटतं." आणि ओळखीतले एक पुरोगामी गृहस्थ, ज्यांचं या घराशी एरवी एका वाक्यावर एकमत होत नाही, तेही म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. आम्ही जन्मभर जादूटोण्याविरुद्ध बोललो आणि तुम्ही मुलांच्या हातात चेटूक देता!" म्हणजे देवघरवाले आणि विवेकवाले शेवटी एकत्र आले, ते एका पोरीच्या हातातलं पुस्तक काढून घ्यायला. दोघांपैकी कुणीही ते उघडलेलं नाही, हे मी विचारून खात्री करून घेतलं आहे.

आधी घरच्यांचं बघू. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण आठवते ना? पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी केली, आणि २०१८ साली नाटक पुन्हा आलं तेव्हा वैभव मांगले यांनी. त्या प्रयोगाला तुम्हीच याच मुलीला मांडीवर बसवून घेऊन गेला होतात, आणि घरी आल्यावर तिच्याकडून चिंचीसारखं हसून घेतलं होतंत. उत्तम केलंत. मतकरींचं नाटक मुलांनी बघायलाच हवं. पण मग दुष्ट, थयथयाट करणारी चेटकीण चालते, आणि लोकांची बाळंतपणं करणारी, म्हाताऱ्यांच्या पायाची नखं कापणारी चेटकीण तेवढी अभद्र, हे कसं?

कारण प्रॅचेटच्या चेटकिणी हेच करतात. आजारी माणसाकडे बघायचं, मयताजवळ रात्रभर जागायचं, गावातली भांडणं मिटवायची. पैसे नाहीत. कुणी जुने कपडे देतं, कुणी खायला देतं. जादू असते, पण शहाणी चेटकीण ती होईल तितकी कमी वापरते. नायिका टिफनी एकिंग मेंढपाळांच्या घरातली, लोणी-चीज करणारी मुलगी. तिच्यावर पाच पुस्तकं आहेत. पहिलं 'द वी फ्री मेन' २००३ सालचं, 'विंटरस्मिथ' तिसरं, २००६ सालचं, आणि शेवटचं २०१५ साली, प्रॅचेट गेल्यानंतर आलं.

आता विवेकवाल्या गृहस्थांसाठी. टिफनीला चेटकीण का व्हायचं असतं, ठाऊक आहे? तिच्या गावात एक एकटी म्हातारी असते. तोंडात दात नाहीत, स्वतःशी बडबडते, सोबतीला मांजर. जहागीरदाराचा मुलगा नाहीसा होतो आणि लोक म्हणतात, हिनंच केलं. तिचं घर जातं, कुणी दारात उभं करत नाही आणि ऐन हिवाळ्यात ती मरते. नऊ वर्षांची टिफनी विचारते, की गोष्टीतली म्हातारी दुष्ट म्हणतात ती कशावरून? पुरावा काय? आणि असं पुन्हा कुणाचं होऊ नये म्हणून ती स्वतःच चेटकीण व्हायचं ठरवते. चेटकिणीचा पहिला गुण या पुस्तकांत सांगितला आहे तो म्हणजे समोर जे खरोखर आहे तेच बघणं, आणि दुसरा, आपण जो विचार करतो आहोत तो पुन्हा तपासणं. साहेब, तुमच्या शिबिरात याहून वेगळं काय शिकवता?

नोकरीच्या सुरुवातीला मी एका खेड्यात होते. तिथे ओढ्याकाठी अशीच एक विधवा राहायची. तिच्या हातचं काही खायचं नाही, असं पोरांना घरातूनच सांगितलेलं. चौथीतली मुलं जाता-येता तिच्या दारावर दगड टाकायची. त्यातल्या एकानंही चेटकिणीचं पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्या घरांत पुस्तकच नव्हतं मुळी!

सातपुड्याच्या भागात बायकांना 'डाकीण' ठरवून मारल्याच्या, गावातून हाकलल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कुणावर करणीचा आळ घेणं हा आज गुन्हा आहे. तो कायदा आळ घेणाऱ्याविरुद्ध आहे, गोष्टीविरुद्ध नाही. आणि आळ कसा पसरतो हे बारा वर्षांच्या मुलीला कलमं वाचून कळणार नाही, त्या म्हातारीच्या गोष्टीतून कळेल.

'विंटरस्मिथ'ची मुख्य गोष्ट म्हणजे साक्षात हिवाळाच टिफनीच्या प्रेमात पडतो. ती मजा तुमची तुम्ही वाचा. माझा जीव अडकला तो दुसऱ्याच भागात.

टिफनीच्या वयाच्या शिकाऊ चेटकिणींची एक टोळी असते आणि अ‍ॅनाग्रामा नावाची मुलगी तिची म्होरकी. तोरा केवढा! आधीच्या पुस्तकात तिनं टिफनीची भरपूर चेष्टा केलेली. या पुस्तकात मिस ट्रीझन ही म्हातारी चेटकीण वारते (तिच्या घरातल्या भयंकर कवट्या आणि कोळ्यांची जाळी कॅटलॉगमधून मागवलेली असतात, हे वाचून मी एकटीच हसत बसले होते) आणि तिचं घर, तिचं गाव अ‍ॅनाग्रामाला मिळतं. तिला दागिने, मंत्र, उंची जादू सगळं येतं. बाळंतपण येत नाही. प्रेताला हात लावता येत नाही. मग रात्री ती येते टिफनीकडेच. येतानाही नाक वरच.

इथे टिफनीला मस्त सूड उगवता आला असता. ती मदत करते, बाकीच्या मुलींनाही तयार करते. अ‍ॅनाग्रामा अचानक गोड होत नाही आणि टिफनीला ती आवडायलाही लागत नाही. पण गावातल्या आजाऱ्यांना त्याच्याशी काय देणंघेणं? त्यांना माणूस हवा असतो.

चौतीस वर्षं मी मुलींच्या टोळ्या बघितल्या. सहावी-सातवीत एक म्होरकी असते, तिच्यापुढे बाकीच्या मान डोलावतात, आणि कधीतरी तीच म्होरकी एकटी पडते, मग सगळ्या मिळून तिला टोचून खातात. डबा एकटीनं खाणारी मुलगी दर वर्षी वेगळी असायची, बाक तेवढा तोच. आमच्या वाचनमालेत मैत्रीचे धडे होते, नाही असं नाही. त्यांतला मित्र मात्र कायम सद्गुणी आणि गरीब. न आवडणाऱ्या मुलीच्या शेजारी डबा घेऊन कसं बसायचं, हे त्यातल्या एकाही धड्यात नव्हतं.